चौदा नंबरची बाई

युद्धात मेलेल्या पोरांच्या वस्तू पुसून, नीट करून त्यांच्या घरी पाठवायच्या, हे माझं काम होतं. दोन वर्षं केलं. मिसुरी नदीकाठच्या आमच्या शहरात रेल्वे यार्डाला लागून लष्कराने एक जुनं गोदाम घेतलं होतं. तिथे आम्ही शेकडो माणसं कामाला, बहुतेक बायकाच. त्याआधी मी टोप्यांच्या दुकानात शिवणकाम करायचे. हात सफाईचा आणि नजर बारीक, म्हणून मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. माझं नाव व्हर्ना टिल्सन, पण कागदांवर मी फक्त चौदा नंबर.

युरोपातून खोकी यायची. उघडल्यावर जो वास यायचा त्याबद्दल मी बोलणार नाही. हेल्मेट, पट्टा, पाण्याची बाटली, बूट, सुळसुळीत तेलकट कापडाचा रेनकोट हे सगळं सरकारचं. ते चुकून आलं असलं तर गाड्यावर टाकून परत लष्कराकडे. घड्याळ, चाकू, जपमाळ, फोटो, तोंडाने वाजवायचा बाजा हे घरच्यांचं. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं गरगर फिरणारं चाक घेऊन पोरी बसलेल्या असत. चाकूवरचं, घड्याळावरचं रक्त आणि गंज त्या घासून काढायच्या. डाग निघाला नाही तर ती वस्तू घरी जात नसे.

आणि एक टोपली भट्टीची.

घरच्यांना यातना होतील, लाज वाटेल असं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नियम होता. पहिल्याच दिवशी आम्हाला एका बाईची गोष्ट सांगितली होती. नवऱ्याच्या खोक्यात तिला दुसरीची पत्रं सापडली, तिने अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. ती बाई खरी होती की आम्हाला पढवण्यासाठी रचलेली, देव जाणे. मी मात्र पढले. प्रत्येक पत्र मी वाचायचे. वाचल्याशिवाय कसं कळणार, ठेवायचं की जाळायचं? रात्री झोपताना वाटायचं, आज चार बायकांचा संसार मी मोडता मोडता वाचवला. मला त्या कामाचा अभिमान होता. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पंचेचाळीसच्या जून महिन्यात एमिल झालेस्की आला. नेब्रास्कातल्या एका चेक वस्तीच्या गावातला विहिरी खोदणारा माणूस. साठीचा, बुटका, मान खांद्यात रुतलेली, आणि हात असे की टेबलावर ठेवले तर टेबल लहान वाटावं. त्याचा मुलगा लेनर्ड आदल्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या एका जंगलात मेला होता. मे महिन्यात म्हाताऱ्याला आमचं खोकं मिळालं होतं.

घरच्या लोकांना गोदामात येऊ देत नसत. पत्र लिहा, उत्तर मिळेल, असं दारावरचा शिपाई सांगायचा. झालेस्कीने तीन पत्रं लिहिली होती आणि तिन्हींना एकच छापील उत्तर आलं होतं. म्हणून तो स्वतःच गाडीत बसून आला. आत सोडत नाहीत म्हटल्यावर तो दाराबाहेरच्या पायरीवर बसला आणि सुट्टीच्या भोंग्यानंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारू लागला.

"चौदा नंबर तुम्हीच का?"

माझ्यापुढे ओपल चालली होती. ती माझ्याच टेबलावर बसायची. तिने नाही म्हणून मान हलवली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने मला विचारलं. मी नाही म्हणाले आणि चालू पडले. घरी पोचेपर्यंत माझे कान तापले होते. राग त्याचाच आला होता. वाटलं, हा कोण मला असं भर रस्त्यात शोधणारा? मी कुणाचं काय चोरलं?

दुसऱ्या दिवशीही तो होता. शिपायाने हटकलं तर रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसला, शिपाई आत गेला की परत पायरीवर. कुणीतरी दिलेलं सँडविच त्याने कागदात तसंच ठेवलं होतं. ओपलने मला कोपराने ढोसलं. "त्याच्याकडे कागद आहे गं. आपल्या शिक्क्याचा. कुठनं मिळाला त्याला?"

कुठला कागद ते मला कळलं. आघाडीवर मेलेल्या माणसाच्या वस्तूंची यादी करतात. ती यादी खोक्याबरोबर आमच्याकडे येते. आम्ही ती ताडून पाहतो, आपला नंबर मारतो आणि फाइलला लावतो. घरी जाते ती वेगळी, आम्ही नव्याने केलेली यादी. झालेस्कीच्या पोराची पहिली यादी मी चुकून त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकात राहू दिली होती. घरच्या यादीत पत्रं नव्हती. पहिल्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं, पत्रं नऊ. खाली माझा शिक्का.

तिसऱ्या दिवशी आमच्या विभागाचे प्रमुख, कॅप्टन ब्लॉजेट, वैतागले. वर्तमानपत्राचा एक माणूस पायरीवरच्या म्हाताऱ्याशी बोलताना दिसला होता म्हणे. त्यांनी झालेस्कीला वर बोलावलं आणि मलाही. ब्लॉजेट गोरेगोमटे, मृदू बोलणारे. लढाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. आत जायच्या आधी त्यांनी मला दारात थांबवून हळूच सांगितलं की पत्रं रक्ताने भिजून वाचण्याजोगी राहिली नव्हती, एवढंच बोलायचं.

म्हाताऱ्याने मला पाहिलं. परवा दिवशी नाही म्हणालेली हीच, हे त्याच्या लक्षात आलं.  खिशातून एक चाकू काढून त्याने टेबलावर ठेवला. दोन पात्यांचा, आरशासारखा चकचकीत.

"हा माझ्या पोराचा नाही," तो म्हणाला.

ब्लॉजेट म्हणाले की यादीत नोंद आहे, मुठीवर आद्याक्षरंही आहेत.

"चाकू तोच आहे हो. मीच दिलेला. मूठ काळी होती, सात वर्षं त्याच्या हाताचा घाम मुरला होता तिच्यात. मोठ्या पात्याला दाता होता, पाइप कापताना पडलेला. तुम्ही सगळं घासून काढलंत. नवा चाकू मला गावच्या दुकानात मिळत नव्हता का?"

ब्लॉजेटनी शांतपणे समजावलं. आईवडिलांना रक्त लागलेली वस्तू पाठवणं बरं दिसतं का, वगैरे. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग यादी पुढे सरकवली आणि 'पत्रं नऊ' यावर बोट ठेवलं. त्या बोटाचं नख फुटलेलं होतं.

ब्लॉजेट म्हणाले, भिजली होती, वाचता येत नव्हती, नष्ट करावी लागली. "खरं ना, मिसेस टिल्सन?"

मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं. दोन वर्षांची सवय.

झालेस्कीने खुर्ची वळवली आणि ब्लॉजेटकडे पाठ करून माझ्यासमोर बसला. "बाई, मी तुम्हाला विचारतो. वाचता येत होती की नव्हती?"

मी त्याच्या हातांकडे पाहत होते. मनात आलं, मी याच्या पोराची नऊ पत्रं वाचली, आणि हा बाप असून याने एक नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. कुणावर, ते सांगता येणार नाही. ब्लॉजेटवर, माझ्यावर, त्या टोपलीवर.

"येत होती," मी म्हणाले. "दोनच भिजली होती. बाकीची कोरडी होती. मी सगळी वाचली आणि मीच जाळायला टाकली."

ब्लॉजेट उठून उभे राहिले आणि मला खाली जायला सांगितलं. मी हलले नाही. म्हाताऱ्याने मागे न बघता हात वर केला, बैलाला थांबवावं तसा, आणि कॅप्टन खरंच थांबले.

"काय होतं त्यांत?"

मी सांगितलं. आठ पत्रं एका इंग्रज मुलीची होती. मॉरीन तिचं नाव. पलटण कॉर्नवॉलमध्ये तळ देऊन होती तेव्हाची ओळख. तिला दिवस गेले होते, मार्चमध्ये बाळ व्हायचं होतं. लग्न करायचं दोघांनी ठरवलं होतं. नववं पत्र लेनर्डचं स्वतःचं होतं, अर्धवट राहिलेलं.

"कुणाला लिहिलेलं?"

"तुम्हाला."

खोलीत टाइपरायटरचा आवाज येत होता तो बाहेरचा. झालेस्कीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग मानेपासून वर लाल होत गेला.

"मला लिहिलेलं पत्र," तो म्हणाला. "माझं नाव होतं त्यावर?"

"वर 'ताता' असं होतं, तुमच्याकडे बापाला म्हणतात तसं. खाली तुमचं आणि गावाचं नाव."

"आणि तुम्ही ते जाळलंत."

"त्यात त्या मुलीचं होतं. बाळाचं. लग्नाआधीचं. आम्हाला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल."

त्याने दोन्ही मुठी टेबलावर आपटल्या. शाईची दौत आडवी झाली. आवाज मात्र त्याने चढवला नाही, ते जास्त भयंकर होतं.

"मला कशाची लाज वाटायची ते तुम्ही ठरवणार? तुम्ही कोण? माझं पोरगं तुम्ही नेलंत. मी काही बोललो नाही, सगळ्यांचीच नेलीत. मेल्यावर त्याचे बूट, हेल्मेट, पट्टा सरकारचा म्हणून ठेवून घेतलात. ठेवा. पण तो काय बोलला तेही सरकारचं? त्याचं लेकरूही सरकारचं? माझ्या घरात कोण जन्माला आलं हे ह्या बाईला माहीत, तुम्हाला माहीत, भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला माहीत, आणि मला नाही?"

ब्लॉजेट दौत सरळ करत होते. ते म्हणाले की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, पण हे सगळं तुमच्यासारख्या कुटुंबांच्या भल्यासाठीच आहे.

"बाहेर चला, बाई," म्हातारा मला म्हणाला. "या माणसासमोर मला पुढचं ऐकायचं नाही."

मी गेले. माझ्या टेबलावरची पर्स उचलली, ओपलने तोंड फिरवलं, आणि मी जिना उतरले. बडतर्फीचा कागद चार दिवसांनी घरी आला. शिस्तभंग आणि गोपनीयतेचा भंग. ओपल एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "तुला खरं बोलायचा उमाळा आला गं, पण आता आमच्या प्रत्येकीच्या मागे दोन-दोन पहारेकरी बसवलेत." तिचंही चूक नव्हतं.

त्या दिवशी म्हातारा आणि मी तडक पोस्टात गेलो. मॉरीनचं आडनाव तिच्या सहीत कधी नसायचं. पाकिटामागे पत्ता होता, तो मी वाचला नव्हता, कारण पत्त्यात जाळण्यासारखं काय असणार? पत्रांतलं गावाचं नाव तेवढं आठवत होतं, पेनरिन, आणि तिचा बाप दगडाच्या खाणीत कामाला आहे एवढं. आम्ही तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे पत्र लिहायचं ठरवलं. झालेस्कीला इंग्रजी बोलता यायचं पण लिहिताना अडखळायचा, म्हणून तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. आत मुलीसाठी वेगळी चिठ्ठी घातली. तिची सुरुवात त्याने तीनदा बदलली. शेवटी म्हणाला, "लिहा, मी रागावलेलो नाही. हेच पहिलं लिहा."

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पाकीट पेटीत टाकलं आणि स्टेशनकडे निघून गेला.

उत्तर ऑक्टोबरात आलं, त्याच्याकडे. त्याने मला त्याची नक्कल पाठवली, शाळेतल्या कुणा मुलीकडून करून घेतलेली. वर पेन्सिलीने एकच शब्द होता, 'वाचा.'

मॉरीनने लिहिलं होतं. तिचं शेवटचं पत्र 'मृत' असा शिक्का मारून परत आलं, तेव्हा तिला कळलं. लेनर्डने तिला शब्द दिला होता की माझ्या बापाला मी सगळं लिहितो, तो आधी ओरडेल, पण तुला टाकणार नाही. म्हणून ती वाट पाहत राहिली. तिने अमेरिकन लष्कराला पत्र लिहून त्याच्या घरचा पत्ता मागितला. नातेवाईक नसलेल्यांना पत्ता देता येत नाही, असं उत्तर आलं. नऊ मार्चला मुलगा झाला. तिच्या बापाने तिला बाळासकट घरात घ्यायला नकार दिला, आणि एका संस्थेत ठेवलं. तिथल्या बायका रोज विचारायच्या, अमेरिकेतून काही आलं का? एकोणीस मेपर्यंत तिने तग धरला. त्या दिवशी कागदावर सही केली आणि बाळ कुणीतरी घेऊन गेलं. कोण, ते सांगायचा तिथे नियम नव्हता.

झालेस्कीला खोकं मिळालं होतं बारा मेला. पत्रं त्यात असती तर तारेला एक दिवस लागला असता. मी दिवस मोजले, पुन्हा मोजले. सात दिवस हातात होते. माझा टेबलावरचा हात आणि ती टोपली यांत जेमतेम दोन हातांचं अंतर होतं.

त्यानंतर मी एक उद्योग केला. जी पत्रं आठवत होती, त्यांच्या घरच्यांना लिहायला लागले. हजारोंतली मला सतरा आठवली, नावागावासकट. सतरा पत्रं लिहिली. चौदा घरांतून काहीच आलं नाही. एका बापाने माझ्यावर वकील घालीन म्हणून लिहिलं. एका आईने एक लांबलचक पत्र लिहिलं, सगळं पोराच्या लहानपणाबद्दल, त्यात मी लिहिलेल्याचा उल्लेखच नाही. आयोवातल्या एका विधवेने लिहिलं, 'तुम्ही एकदा गप्प राहिलात, मग आता कशाला बोललात? माझ्या आठवणीत तो चांगला माणूस होता.' ते वाचून मला तिचा राग आला, आणि मग कळलं की तिचं बरोबर आहे. गप्प बसायचं असो की बोलायचं, दोन्ही वेळा मी त्यांना विचारलंच नव्हतं. नंतर आणखी कुणी आठवलं तरी मी लिहिलं नाही.

झालेस्कीने नातवासाठी आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला अर्ज केला, लष्कराला केला, इंग्लंडच्या वकिलातीला केला. सगळीकडून सभ्य भाषेत नकार आले. कॅप्टन ब्लॉजेट तोवर मेजर झाले होते आणि त्यांच्या कामाबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. वर्तमानपत्रात फोटो होता. मी ते पान चुलीत घातलं, आणि घातल्यावर स्वतःचीच शिसारी आली.

सत्तेचाळीसच्या सप्टेंबरात त्याची तार आली. अमुक गाडीने अमुक दुपारी तुमच्या स्टेशनात उतरतो, दुसरी गाडी दीड तासाने आहे. मी गेले. तो उपाहारगृहात बसला होता, अंगात चांगला कोट, जरा वाळला होता. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता तो माणूस पेनरिनला जाऊन आला होता. मॉरीन आता एका दुकानात काम करते, लग्न केलेलं नाही. ती त्याला त्या संस्थेत घेऊन गेली. तिथल्या मुख्य बाईंनी चहा दिला आणि काही सांगितलं नाही. मुलगा चांगल्या घरात आहे, एवढंच.

"चांगल्या घरात," तो म्हणाला. "माझ्या घराला काय झालं होतं?"

 कॉफी आली ती त्याने बाजूला सारली. मग कोटाच्या आतून एक वही आणि पेन्सिल काढली.

"ते पत्र मला सांगा. माझं. सुरुवातीपासून, शब्द न गाळता."

मी सांगायला लागले, तो अडखळत लिहायला लागला. चेकमध्ये नाही, इंग्रजीत, पोराने जसं लिहिलं होतं तसं. 'ताता, हे वाचून तू आधी ओरडशील. म्हणून आधी विहीर पाडायच्या ड्रिलच्या गाडीभोवती एक फेरी मार आणि मग पुढे वाच.' इथे त्याची पेन्सिल थांबली आणि पुन्हा चालली. मुलीबद्दलचं सांगितलं, ती हसते कशी ते, बाळाबद्दलचं सांगितलं. जंगलात पाऊस थांबत नाही आणि बूट आठ दिवस पायातून काढलेले नाहीत, ते सांगितलं.

"पुढे?"

"पुढे विहिरींबद्दल एक वाक्य होतं. 'त्या दिवशी स्टेशनवर मी विहिरींबद्दल जे बोललो, ते...' आणि पुढे."

त्याने मान वर केली. पहिल्यांदाच तो माझ्याकडे असा बघत होता, जसा माणूस माणसाकडे बघतो.

"जायच्या दिवशी आमचं भांडण झालं होतं," तो म्हणाला. "मी तुझ्यासारखा जन्मभर चिखलात उभा राहणार नाही, म्हणाला. मी म्हणालो, मग परत येऊ नकोस. गाडी सुटली. ते काय? 'ते' च्या पुढे काय होतं?"

मी डोळे मिटले. कागद दिसत होता, निळसर, घडीवर झिजलेला. ओळीचा शेवट दिसत होता. शब्द दिसत नव्हते. त्या दिवशी माझ्या टेबलावर आणखी चाळीस खोकी होती.

"आठवा," तो म्हणाला.

मी प्रयत्न केला.

"बाई, आठवा. 'ते मी रागात बोललो'? की 'ते मी अजूनही म्हणतो'? काहीतरी एक असेल."

मला एक वाक्य रचून देता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. ते ऐकून तो रडला असता आणि त्याला झोप लागली असती, निदान त्या गाडीत तरी.

"नाही आठवत," मी म्हणाले.

"दोन वर्षं झाली. रोज आठवायला पाहिजे होतं तुम्ही." आता त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "तुमच्या डोळ्यांखालून गेलंय ते. जगात दुसऱ्या कुणाच्याच नाही. तुम्ही असं कसं विसरू शकता?"

 गाडीची घोषणा झाली. त्याने वही बंद केली, त्या अर्ध्या वाक्यावर पेन्सिल तशीच ठेवून, आणि पिशवी उचलली. मी फलाटापर्यंत त्याच्यामागे गेले. डब्यात चढताना त्याने वळून सांगितलं की आठवलं तर कळवा, मध्यरात्री आठवलं तरी तार करा, आणि न आठवताच काही लिहून पाठवलंत तर मी येऊन तुमचं घर पेटवीन.